बेसबॉलचे मैदान आखताना: आधी कर्ण, मग बाजू

खानदेशातील अनेक शाळांमध्ये एकच मैदान बेसबॉल, सॉफ्टबॉल, क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो या सगळ्या खेळांना पुरवावे लागते. त्यामुळे बेसबॉलची वेळ आली, की पावलांनी अंतर मोजून चार कोपऱ्यांत चार बेस (होम, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड) टाकायचे, वरून फक्की मारायची आणि खेळ सुरू करायचा, असे सर्रास होते. यात खरे नुकसान मुलांचे होते. वर्षभर ८५ फुटांवरच्या बेसकडे धावण्याची सवय लागलेला मुलगा विभागीय स्पर्धेत ९० फुटांच्या मैदानावर उतरला, की त्याचा अंदाज पहिल्याच धावेला चुकतो, आणि पिचरचा, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याचा, चेंडू तर जवळजवळ प्रत्येक वेळी होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या पाचकोनी रबरी तुकड्याच्या, आधी खाली बसतो. पावलांनी मोजण्याला इतिहासात जागा आहे, हे खरे. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर बेसबॉल क्लबने केलेल्या नियमांत होमपासून सेकंड बेसपर्यंतचे अंतर ४२ पावले असेच दिले होते. परंतु पाऊल प्रत्येकाचे वेगळे असल्यामुळे १८५७ साली दोन बेसमधील अंतर ३० यार्ड, म्हणजे ९० फूट, असे कायमचे ठरले आणि ते आजतागायत बदललेले नाही.

मैदान आखताना दोन गोष्टी मनात पक्क्या असाव्यात. पहिली, होम प्लेटच्या मागच्या टोकापासून सगळी मापे सुरू होतात. दुसरी, चौकोनाच्या बाजू आधी मोजायच्या नसतात, आधी कर्ण मोजायचा असतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर उरलेले काम टेप, दोरी आणि चार जणांच्या बळावर एका सकाळीत होते.

जागा आणि दिशा

बेसचा चौकोन ९० फूट गुणिले ९० फूट असतो, म्हणजे ८,१०० चौरस फूट, साधारण साडेसात गुंठे. मात्र खरी जागा चौकोनाला नव्हे, तर त्याच्या पलीकडच्या आउटफिल्डला लागते. नियमांनुसार फाउल लाइनवरील (होमपासून फर्स्ट आणि थर्ड बेसवरून पुढे जाणाऱ्या हद्दीच्या रेषांवरील) कुंपण होमपासून किमान २५० फुटांवर असावे लागते. दोन्ही फाउल लाइन ३२० फूट किंवा अधिक आणि समोर मधोमध ४०० फूट किंवा अधिक जागा असेल, तर ते चांगले मैदान मानले जाते. होमच्या मागे अडथळ्यापर्यंत ६० फूट मोकळी जागा ठेवण्याची शिफारस आहे. हे सगळे धरले तर ४०० फूट बाजूचा चौरस, म्हणजे साधारण ३ एकर २७ गुंठे जागा हवी. तेवढी जागा फार थोड्या शाळांकडे असते. जागा कमी असेल तर आउटफिल्ड आखूड करावे, पण बेसची आणि पिचरची अंतरे कमी करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कुंपण जवळ असल्याने खेळाचे फारसे बिघडत नाही, बेस जवळ आले की खेळच वेगळा होतो.

दिशेचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही आणि तो करायलाच हवा. होमवरून पिचरच्या पाटीवरून (पिचर जिच्यावर पाय ठेवून चेंडू फेकतो त्या पट्टीवरून) सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे जावी, अशी नियमपुस्तिकेची शिफारस आहे. ती दुपारनंतर खेळणाऱ्यांचा विचार करून केलेली आहे, कारण तेव्हा सूर्य बॅटरच्या पाठीमागे पश्चिमेला असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी चारलाही मैदानावर उभे राहवत नाही, आणि उन्हाळी शिबिरांचा सराव सकाळी सहा ते साडेआठ या वेळेतच उरकावा लागतो. अशा वेळी शिफारशीप्रमाणे आखलेल्या मैदानावर उगवता सूर्य नेमका पिचरच्या मागे येतो आणि बॅटर आणि त्याच्या मागे बसून चेंडू पकडणारा कॅचर यांना चेंडू सुटलेलाच दिसत नाही. चामड्याचा कठीण चेंडू अंगावर येत असताना हे धोक्याचे आहे. म्हणून जे मैदान सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांना वापरायचे आहे, त्याची मधली रेषा सरळ उत्तरेकडे ठेवावी. हिवाळ्यात सकाळी लेफ्ट फिल्डरला आणि संध्याकाळी राइट फिल्डरला तिरप्या उन्हाचा थोडा त्रास होईल, परंतु तो २००-२५० फूट दूर उभा असतो आणि टोपीच्या आडोशाने निभावून नेऊ शकतो. मोबाइलमधील होकायंत्र या कामाला पुरेसे आहे. फक्त ते लोखंडी गेट, गोलपोस्ट किंवा मोटारसायकलजवळ धरू नये.

टोक, कर्ण आणि तीन बेस

सामान फार लागत नाही. ५० मीटरचे दोन टेप, गवंडी वापरतात ती नायलॉनची दोरी, फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या, हातोडा आणि फक्की, एवढे जमवावे. टेप फायबरचा असेल तर तो ताणाने वाढतो, म्हणून प्रत्येक माप घेताना ओढ सारखीच ठेवावी. स्टीलचा टेप उन्हाने वाढतो, आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत ३९ मीटरच्या लांबीत सुमारे १ सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. मोजणी सकाळी लवकर करावी हे यासाठीही बरे.

होमचे टोक जिथे यायला हवे तिथे पहिली खुंटी ठोकावी. तिथून ठरवलेल्या दिशेने १२७ फूट ३ ३/८ इंच, म्हणजे ३८.७९५ मीटर मोजावे आणि दुसरी खुंटी ठोकावी. हा सेकंड बेसचा मध्य झाला. आता एकाने होमच्या खुंटीला आणि दुसऱ्याने सेकंडच्या खुंटीला आपापल्या टेपचा शून्य धरून ठेवावा. तिसऱ्याने दोन्ही टेपवरील ९० फुटांच्या, म्हणजे २७.४३ मीटरच्या खुणा एकत्र चिमटीत धरून उजवीकडे जावे आणि दोन्ही टेप सारखे ताणले जातील तिथे थांबावे. ज्या बिंदूवर दोन्ही खुणा एकमेकींवर बसतात तो फर्स्ट बेसचा बिंदू. तसेच डावीकडे जाऊन थर्ड बेसचा बिंदू काढावा. शेवटी फर्स्टपासून थर्डपर्यंतचे अंतर मोजावे. तेही १२७ फूट ३ ३/८ इंचच भरले पाहिजे.

हे शेवटचे माप वेळखाऊ वाटते आणि नेमके तेच गाळले जाते. ते का गाळू नये, हे एका हिशेबाने दाखवतो. समजा कोणी वरचे इंच सोडून कर्ण नुसता १२७ फूट धरला आणि बाजू बरोबर ९० फूट ठेवल्या. मग चौकोन किंचित तिरका होतो आणि फर्स्ट ते थर्ड हे अंतर १२७ फूट पावणेसात इंचांच्या आसपास भरते. बेसजवळ उभे राहून हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण होमचा कोन काटकोनापेक्षा सुमारे पाव अंशाने मोठा झालेला असतो, आणि त्याच रेषा ३२० फुटांपर्यंत वाढवल्या, की प्रत्येक फाउल लाइन तिच्या खऱ्या जागेपासून आठ इंचांहून अधिक बाहेर गेलेली असते. चेंडू फेअर (हद्दीतला) की फाउल (हद्दीबाहेरचा), हा निर्णय कित्येकदा याहून कमी अंतरावर ठरतो.

ज्यांच्याकडे १०० फुटांचाच टेप आहे, त्यांनी गवंड्याची रीत वापरावी. पायाला काटकोन काढताना तो ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण धरतो, आपण त्याची वीसपट करावी. होमपासून फर्स्टच्या दिशेला ६० फुटांवर एक खूण, थर्डच्या दिशेला ८० फुटांवर दुसरी खूण, आणि या दोन खुणांमधील अंतर बरोबर १०० फूट येईपर्यंत एक रेषा सरकवत राहावे. ते जुळले की होमचा कोन काटकोन झाला. मग दोन्ही रेषांवर ९० फूट मोजावे आणि सेकंडचा बिंदू फर्स्ट व थर्डकडून ९०-९० फुटांनी काढावा.

बेसच्या पिशव्या या बिंदूंवर कशा ठेवायच्या, यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फर्स्ट आणि थर्ड बेस संपूर्णपणे चौकोनाच्या आत असतात, म्हणजे आपण काढलेला बिंदू हा पिशवीचा बाहेरचा, फाउल लाइनवर होमपासून दूरच्या टोकाला येणारा कोपरा असतो. सेकंड बेसचा मात्र मध्य बिंदूवर येतो. पिशवी प्रत्येक बाजूने १५ इंचांची असते. अमेरिकेतील मेजर लीगने २०२३ पासून ती १८ इंचांची केली. पिशवी आतल्या बाजूला वाढल्यामुळे होम ते फर्स्ट हे धावण्याचे अंतर ३ इंचांनी कमी झाले, पण आखणीचे ९० फूट तसेच राहिले. आपल्याकडे शालेय सामन्यांना १५ इंचांच्या पिशव्या ठीक आहेत. कॅनव्हासची मऊ भरलेली पिशवी चालते, परंतु तिच्या जागी वीट किंवा फरशीचा तुकडा कधीही ठेवू नये, कारण घसरत येणाऱ्या मुलाचा घोटा त्यावर आपटतो.

फक्की मारतानाही असाच एक नियम आहे. फाउल लाइन ही फेअर भागाचाच हिस्सा धरली जाते, रेषेवर पडलेला चेंडू फेअर असतो. म्हणून ताणलेली दोरी ही रेषेची बाहेरची कड समजावी आणि तीन-चार इंचांचा फक्कीचा पट्टा दोरीच्या आतल्या बाजूने ओढावा.

होम प्लेट विकत मिळाली नाही तर रबराच्या जाड चादरीतून सहज कापता येते. १७ इंचांचा चौरस घ्यावा. पिचरकडची बाजू पूर्ण १७ इंच ठेवावी. तिच्या दोन्ही टोकांपासून मागच्या दिशेने साडेआठ इंचांवर खुणा कराव्यात, मागच्या बाजूचा मध्य काढावा, आणि त्या मध्याला दोन्ही खुणा जोडून कोपरे कापून टाकावेत. तिरक्या बाजू १२ इंचांच्या येतात. त्या जिथे मिळतात ते टोक आपल्या पहिल्या खुंटीच्या जागी बसवावे. तिरक्या बाजू दोन्ही फाउल लाइनच्या दोऱ्यांशी तंतोतंत जुळल्या, तर आखणी बरोबर झाली असे समजावे. प्लेटचा पृष्ठभाग जमिनीच्या पातळीत असावा.

पिचरची जागा

पिचरची पाटी चौकोनाच्या मधोमध असते, असा समज इतका पसरलेला आहे की अनेक ठिकाणी दोन कर्णांच्या दोऱ्या ताणून त्या जिथे छेदतात तिथेच पाटी बसवलेली दिसते. हे चूक आहे. दोन कर्ण होमपासून ६३ फूट साडेसात इंचांहून थोडे पुढे छेदतात, तर पिचरच्या पाटीची पुढची कड होमच्या टोकापासून ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर असते. पाटी मध्यापेक्षा तीन फुटांहून अधिक होमच्या जवळ असते. हे अंतर १८९३ पासून चालत आले आहे. तेही प्लेटच्या मागच्या टोकापासून मोजायचे असते. प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजणाऱ्याची पाटी १७ इंच मागे जाते, आणि पिचरच्या दृष्टीने १७ इंच फार असतात. पाटी २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद असते.

पाटी ज्या उंचवट्यावर बसते त्या माउंडचा व्यास १८ फूट असतो. त्याचे केंद्र पाटीवर नसून होमच्या टोकापासून ५९ फुटांवर, म्हणजे पाटीच्या दीड फूट पुढे असते. पाटीची उंची होम प्लेटच्या पातळीपेक्षा १० इंच असते. पूर्वी ती १५ इंच होती. १९६८ च्या हंगामात पिचरांनी बॅटरना पार नामोहरम केल्यामुळे पुढच्या वर्षापासून ती १० इंचांवर आणली गेली. ही उंची होमच्या पातळीपासून मोजायची, माउंडच्या पायथ्यापासून नव्हे. आपली मैदाने बहुधा एका बाजूला उतरती असतात, तेव्हा हा फरक दोन-तीन इंचांचा सहज पडतो. घरबांधणीत पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच येथे लावावी. एक टोक होमजवळ, दुसरे पाटीच्या खुंटीजवळ धरून पातळीची खूण करावी आणि त्यावर १० इंच चढवावेत.

माउंडच्या माथ्यावर ५ फूट रुंद आणि ३४ इंच खोल असा सपाट भाग असतो. पाटीच्या पुढे ६ इंच आणि मागे २२ इंच सपाटी राहते. पुढच्या सहा इंचांनंतर उतार सुरू होतो, तो दर फुटाला एक इंच या प्रमाणात. उतार तपासायला सहा फुटांची सरळ लाकडी पट्टी घ्यावी, तिच्या होमकडच्या टोकाखाली ६ इंच उंचीचा ठोकळा ठेवावा आणि वर स्पिरिट लेव्हल ठेवावी. बुडबुडा मध्यभागी आला तर उतार बरोबर. बुडबुडा होमच्या बाजूला सरकला तर ते टोक वर आहे, म्हणजे उतार कमी पडतो आहे. तेव्हा खालच्या टोकाची माती काढावी. उतार संथ असेल तर पिचरचा पुढचा पाय जमिनीवर लवकर आदळतो, आणि लहान वयात गुडघा-खांद्याची दुखणी अशाच न जुळणाऱ्या मातीवर वाढतात, म्हणून येथे घाई करू नये.

भराव एकदम टाकू नये. मातीचा दोन-अडीच इंचांचा थर द्यावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने ठोकावे, ओल थोडी जिरू द्यावी आणि मगच पुढचा थर चढवावा. नुसती काळी माती येथे चालत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि माउंड एका हंगामात फुटतो. चिकण माती आणि चाळलेला बारीक मुरूम यांचे मिश्रण टिकते. पिचरचा पाय पडतो ती जागा आणि पाटीसमोरचा खड्डा रोज सरावानंतर भरून, ओला करून ठोकावा.

चौकटी आणि बाकीच्या रेषा

बॅटरची चौकट ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब असते. प्लेटच्या दोन्ही बाजूंना एक-एक, प्लेटपासून ६ इंच सोडून, आणि अशी की चौकटीची निम्मी लांबी प्लेटच्या मध्याच्या पुढे व निम्मी मागे येते. दोन चौकटींच्या आतल्या रेषांमध्ये २९ इंच अंतर राहिले पाहिजे. सुताराकडून ४ गुणिले ६ फुटांची लाकडी चौकट करून घेतली, तर ती जमिनीवर ठेवून कडेने फक्की मारता येते आणि सामन्याच्या मध्ये पुसलेली रेषा मिनिटभरात पुन्हा उमटते. कॅचरची चौकट ४३ इंच रुंद असते आणि होमच्या टोकामागे ८ फुटांपर्यंत जाते. होम ते फर्स्टच्या वाटेत शेवटच्या ४५ फुटांत फाउल लाइनच्या बाहेर ३ फुटांवर समांतर रेषा ओढतात. धावणाऱ्याने त्या पट्ट्यातून धावावे असा नियम असल्यामुळे ती ओढलीच पाहिजे.

आउटफिल्डची सीमारेषा आखायला खानदेशात एक सोपे साधन शेतात पडलेले असते. ठिबकच्या जुन्या नळ्या होमपासून मोजलेल्या दर ४०-५० फुटांवरच्या खुंट्यांना टेकवून पसरल्या, की स्वच्छ वळण मिळते. तिच्या कडेने फक्की मारून नळी उचलून घ्यावी, मैदानात राहू देऊ नये.

लहान मुले आणि सॉफ्टबॉल

बारा वर्षांच्या आतील मुलांना ९० फुटांच्या मैदानावर खेळवणे अयोग्य आहे. अमेरिकेतील लिटल लीग ही संस्था १९३९ पासून मुलांसाठी वेगळे मैदान वापरते. त्यात बेसमधील अंतर ६० फूट, पिचरचे अंतर ४६ फूट आणि कर्ण ८४ फूट १० १/४ इंचांचा, म्हणजे २५.८६ मीटरचा असतो. आउटफिल्ड २०० फुटांचे पुरते, त्यामुळे एक एकर तेरा-चौदा गुंठ्यांत सगळे बसते. थोड्या मोठ्या मुलांसाठी ७० फुटांचे बेस आणि ५० फुटांचे पिचरचे अंतर असाही प्रकार आहे. त्याचा कर्ण जवळजवळ ९९ फूट येतो.

सॉफ्टबॉलमध्येही बेस ६० फुटांवरच असतात, त्यामुळे हाच चौकोन कामी येतो. पिचरची पाटी मुलींसाठी ४३ फूट आणि पुरुषांसाठी ४६ फूट अंतरावर असते, आणि माउंड अजिबात नसतो, पिचर सपाट जमिनीवर ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळात उभी असते. ६० फुटांच्या चौकोनात कर्ण ४२ फूट ५ इंचांच्या पुढे छेदतात, म्हणजे येथे पाटी मध्याच्या किंचित मागे जाते, बेसबॉलच्या नेमकी उलट. दोन्ही खेळ एकाच होमवरून खेळवायचे असतील तर बेसबॉलचा माउंड सॉफ्टबॉलच्या चौकोनात येत नाही ना, ते आधी तपासावे. माउंडची पुढची कड होमपासून ५० फुटांवर सुरू होते, त्यामुळे सॉफ्टबॉलची पाटी मोकळी राहते, पण ८४ फुटांवरच्या सेकंडकडे जाताना तो मध्येच उभा असतो. जागा असेल तर सॉफ्टबॉलसाठी समोरच्या कोपऱ्यात वेगळे होम घेणे चांगले.

खुणा टिकवणे

एवढी मेहनत पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून करावी लागू नये, यासाठी होम, तिन्ही बेस आणि पाटी यांच्या बिंदूंवर फूटभर लांबीचा लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये पक्का करावा. त्याचे तोंड जमिनीखाली चार इंच राहू द्यावे, म्हणजे रोलर किंवा कोणाचा पाय त्यावर अडकणार नाही. काळी माती फुगून पाइप थोडा हलू शकतो, शिवाय मैदानावर मंडप उभा राहिला, ट्रॅक्टर फिरला किंवा मुरूम नव्याने पसरला, की पाइप सापडतही नाही. म्हणून होमच्या टोकापासून दोन न हलणाऱ्या ठिकाणांची अंतरे मोजून ठेवावीत. कंपाउंडचा एखादा खांब आणि शाळेच्या इमारतीचा कोपरा यांसाठी चांगले. दोन्ही टेपांवर ती अंतरे धरून जिथे ती मिळतात तिथे होमचे टोक परत मिळते. तशाच दोन अंतरांनी सेकंड बेसचाही बिंदू बांधून ठेवावा, म्हणजे दिशाही हाती येते. ही चारही मापे मीटरमध्ये, तारखेसह, क्रीडा साहित्याच्या नोंदवहीत लिहावीत आणि त्या खांबावर व इमारतीच्या कोपऱ्यावर ऑइल पेंटनेही रंगवून ठेवावीत, कारण शिक्षकांची बदली झाली की नोंदवही कुठे ठेवली आहे हे नव्या शिक्षकांना ठाऊक नसते.